हौसा मॅडमची अर्धी ट्रॉली

कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत चित्र उमटलं की हौसा मॅडम आधी त्यावर हात ठेवायच्या. अख्खा पंजा, बांगड्यांसकट. पडद्याला हात लावू नका, डाग पडतात, असं आयटीवाल्यानं त्यांना कितीदा तरी विनवलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "डाग पुसता येत्यात रे. तुझ्या साहेबाला येकदा का लाल-निळं दिसलं, म्हंजी त्येच्या डोळ्यावरचं कशानं पुसू?"

ती चित्रं म्हणजे आमच्या खात्याचा धंदा होता. आमची कंपनी रांजणगावच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं आणि उसाच्या ट्रॉल्या बनवते. एखादा भाग लोखंडात घडवण्याआधी तो भार सोसेल की मोडेल, हे आम्ही कॉम्प्युटरवर तपासतो. त्या भागाचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे, त्यांची जाळी विणायची, एकेका तुकड्याचं सोपं गणित मांडायचं आणि मग ती सगळी गणितं एकमेकांना जोडून सोडवायची. याला फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस म्हणतात. उत्तर येतं ते चित्राच्या रूपात. ताण कमी तिथं निळं, जास्त तिथं लाल. चित्र इतकं देखणं असतं, की ते चुकीचं असेल अशी शंका घेणंसुद्धा असभ्यपणाचं वाटतं. मॅडम त्याला रंगपंचमी म्हणायच्या.

चित्र असं झाकून त्या विचारायच्या, "वर किती टाकलं? खाली किती आलं?" म्हणजे ट्रॉलीत जेवढा भार टाकला, तेवढाच चाकांवर आणि हुकावर मिळून उतरला का? ही बेरीज जुळल्याशिवाय हात उचलला जात नसे. मॅडमचं माहेर कवठे येमाईचं, जात धनगराची. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं आणि मग गावात कांदा लावून स्थिर झाले. "आप्पा सकाळी मेंढरं सोडताना मोजायचे आन् सांजच्याला काट्याकुट्याच्या वाडग्यात कोंडून घेताना मोजायचे," मॅडम सांगायच्या. "सोडली तेवढी परत आली पायजेत. न्हाई आली तर आधी लांडगा हुडकायचा. तू मेंढराच्या लोकरीचा रंग काय बघत बसलायस?"

त्यांचं पूर्ण नाव हौसाबाई कोळपे, एम. ई. मेकॅनिकल. नाव आणि पदवी एका ओळीत आली की नवखे लोक पुन्हा वाचायचे. पुण्याच्या एका सल्लागारानं एकदा मीटिंगमध्ये त्यांना चहा सांगितला होता. मॅडमनी चहा आणला, त्याच्यापुढं ठेवला, स्वतः अध्यक्षाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "घ्या चहा. आन् आता तुमच्या रिपोर्टातल्या चुका कुठनं सुरू करायच्या ते सांगा." त्या माणसाचा चहा तसाच राहिला.

माझी आणि त्यांची पहिली भेट मुलाखतीत झाली. मी दौंडचा, वडील रेल्वेत. माझा बायोडाटा हातात धरून त्या म्हणाल्या, "दौंडचा व्हय? मग थांबून ऱ्हायची सवय असंल." मी कोणकोणती सॉफ्टवेअर येतात त्यांची नावं घडाघडा म्हणायला लागलो. त्यांनी मधेच तोडलं.

"बटनं कुनालाबी दाबता येत्यात. तू बसलायस ती खुर्ची कुठं मोडंल ते सांग."

मी पाहिलं. कंपनीनं उमेदवारांसाठी राखून ठेवलेली ती प्लॅस्टिकची खुर्ची होती. मी म्हणालो, "मागच्या डाव्या पायापाशी."

"कशावरनं?"

"बसल्यापासून तोच पाय लचकतोय. मी उजवीकडं कललोय ते त्यामुळंच."

मॅडम एचआरच्या माणसाकडं वळल्या. "घ्या ह्येला. आन् खुर्ची टाका." त्या दिवसापासून मी त्यांचा 'दौंड' झालो. माझं खरं नाव त्यांना पगाराच्या कागदाशिवाय कुठं लागलं असेल असं वाटत नाही.

त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे रोज थोडा अपमान आणि रोज थोडं शहाणपण. कुणी जाळी नको तितकी बारीक करून मशीन दिवसभर अडवून ठेवलं, की म्हणायच्या, "जाळी बारीक केली म्हून अक्कल बारीक व्हत न्हाई." कुणी उत्तराला दशांश चिन्हापुढं लांबलचक शेपूट लावलं, की, "भाराचाच अंदाज हाय आन् उत्तर सोनाराच्या काट्यावर?" पण त्यांचं खास वैर होतं ते आमच्या विक्रीप्रमुख शिर्केसाहेबांशी. शिर्के म्हणजे उमदा, गोरापान, अत्तर लावणारा माणूस. माहितीपत्रक लिहायला बसले की त्यांच्या लेखणीला आवर राहत नसे. एकदा त्यांनी 'कधीही न मोडणारी ट्रॉली' असं छापायला धाडलं. मॅडमनी ते प्रेसमधून परत मागवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कवाच मोडत न्हाई असं ह्या कंपनीत फकस्त शिर्केसाहेबांचं तोंड हाय."

मॅडमना स्वतःच्या एका हातोटीचा मात्र भारी अभिमान होता. ट्रॉलीसारखी वस्तू डावी-उजवी सारखीच असते. मग पूर्ण कशाला सोडवायची? मधोमध कापायची, एकच बाजू सोडवायची आणि कापलेल्या जागी गणितात जणू आरसा उभा करायचा. दुसरी बाजू आपोआप तशीच वागते. निम्मं काम, निम्मा वेळ. आमची मशीनं जुनी होती, त्यामुळे ही युक्ती वरदानच होती. "देवानं मानसालाबी मधनं दुमडूनच काढलंय," त्या म्हणायच्या. "नुसतं काळीज येका बाजूला ठेवून चुकला." या युक्तीच्या जोरावर त्या लवकरची कंपनीची बस पकडून शिरूरला घरी जायच्या आणि आम्ही मागं राहून जाळ्या विणत बसायचो.

अशात नवी ट्रॉली निघाली. जुन्या ट्रॉलीची जोडणी सैल असायची. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला कडी असते, ती ट्रॅक्टरच्या हुकात अडकवून वरून पिन टाकतात. कडी त्यात खुळखुळायची आणि रिकामी ट्रॉली गावातून निघाली की मेलेलं माणूस उठून बसेल असा खडखडाट व्हायचा. आमच्या मालकांना, सगळे त्यांना अण्णा म्हणत, या आवाजाची लाज वाटे. त्यांना बिनआवाजाची ट्रॉली हवी होती. डिझाइनवाल्यांनी हूक आणि कडी एकमेकांत घट्ट बसतील अशी जोडणी काढली. ट्रॉली मुकाट चालू लागली. शिर्के तर आनंदानं वेडे झाले.

तपासणी मॅडमनी स्वतः केली. अर्थात अर्धी. त्यांचं सासर न्हावऱ्याचं, घरचा ऊस, त्यामुळे कागदावर लिहिलेल्या भारावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. लोक खरोखर जेवढा भरतात त्याहून जास्त ऊस त्यांनी गणितात भरला. बेरीज जुळली. रंग सगळे निळे-हिरवे. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "काढा बिनघोर." गळीत हंगामाच्या आधी ट्रॉल्या भराभर गेल्या. त्यातली एक न्हावऱ्याला त्यांच्या धाकट्या दिरानं, बाळूनं, वहिनीच्या भरवशावर घेतली.

हंगाम रंगात आला आणि एके दिवशी सकाळीच फोन आला. दौंडच्या बाजूला एक भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्यावर येत होती. वाटेत पाण्याची चारी होती, त्यात ट्रॉलीचं एक चाक उतरलं आणि पुढचा दांडा वेल्डिंगपाशी तुटला. ट्रॉली कलंडली. ट्रॅक्टरला हिसका बसून ड्रायव्हर खाली फेकला गेला आणि उसाच्या मोळ्या त्याच्या पायावर आल्या. मांडीचं हाड मोडलं होतं. नाव नामदेव.

अण्णांनी लगेच सगळ्यांना बोलावलं. मोबाइलवर फोटो आले होते. कलंडलेल्या ट्रॉलीतून सांडलेला ऊस पाहून शिर्केंच्या जिवात जीव आला.

"हे बघा. सरळसरळ ओव्हरलोड. आपण ट्रॉलीवर पाटी लावलीय. विषय संपला."

अण्णांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम फोटोकडं बघत होत्या. "ज्यादा भरत्यात हे मला ठावं न्हवतं, असं म्हनू? मी न्हावऱ्याची हाय. ह्येच्यापेक्षा ज्यादा भरून मी बघितलंय. भारानं न्हाई मोडली ती."

"मग कशानं मोडली?"

"म्हाईत न्हाई."

मॅडमच्या तोंडून हे दोन शब्द त्याआधी कुणीच ऐकले नव्हते. शिर्केंना तर ते इतके अनपेक्षित होते, की त्यांनी आपलं पाणी मॅडमपुढं सरकवलं.

मॅडम आणि मी कंपनीचा टेम्पो घेऊन निघालो. ट्रॉली तशीच पडून होती. तुटलेला दांडा मी निरखून पाहू लागलो, पण मॅडम तिकडं फिरकल्याच नाहीत. त्या शेताच्या तोंडाशी गेल्या. चिखलात चाकांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. एक बांधावरून गेलेली, एक थेट चारीत. मॅडमनी साडी वर खोचली, एक पाय चारीत सोडला, एक बांधावर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"दौंड, माझ्या कमरंकडं बघ."

मी आकाशाकडं पाहिलं.

"आरं बघ की! तुझी आई म्हून बघ. काय दिसतंय?"

"पिरगळलीय," मी म्हणालो.

"व्हय. येक पाय खाली गेला की कंबर पिरगळती. खांदं येकीकडं, खुबा दुसरीकडं. दांड्याचं तेच झालं. ट्रॉली कलली, ट्रॅक्टर सरळ उभा, आन् मधी दांडा पिळला." मग जे म्हणाल्या ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "मी अर्धीच सोडवली रे. मधी आरसा लावला की दोन्ही चाकं येकाच टायमाला चारीत पडत्यात. आरशात ट्रॉली कवा कलतच न्हाई."

आणि त्या चारीतच बसल्या. पाणी नव्हतं, चिखल होता. मी हात दिला तर घेतला नाही. जरा वेळानं आपल्या आपण उठल्या, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "चल, दवाखान्यात."

दौंडच्या दवाखान्यात नामदेव पायाला वजन बांधून पडला होता. शेजारी त्याची बायको बसली होती. कंपनीतून आलोय म्हटल्यावर नामदेवनं तोंड फिरवलं. "मी कशावरबी सही करनार न्हाई."

"सही न्हाई पायजे," मॅडम म्हणाल्या. "तुमची ट्रॉली मी तपासली हुती. चुकीची तपासली. त्ये सांगाया आले."

नामदेवला काही समजेना. "तुमी तपासली? कवा आलतात?"

"आलेच न्हवते, तीच तर चूक झाली. कॉम्प्युटरवर तपासली."

"मग त्या कॉम्प्युटरलाबी आनायचं हुतं संगं," त्याची बायको म्हणाली. "त्येलाबी दाखवलं असतं ह्ये."

मॅडमनी मान खाली घातली. नामदेव मात्र हळूहळू त्यांच्याकडं वळला. "म्हंजी, माझ्या चालवन्यानं न्हाई मोडली? मालक तर म्हंतो, तूच नीट काढली न्हाईस. पाय बरा झाला तरी कामावर घेत न्हाई म्हंतोय."

"नंबर द्या त्यांचा."

त्यांनी तिथूनच ट्रॉलीमालकाला फोन लावला. स्पीकरवर. आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाल्या, "गडी बरोबर हाय तुमचा. लोखंड चुकलं. लोखंड माझं हाय. त्येला कामावरनं काढलं तर मी तुमच्या दारात येऊन हेच मोठ्यानं सांगीन." पलीकडून "बरं, बरं" असं काहीतरी ऐकू आलं. नामदेवची बायको उठली आणि मॅडमना बसायला स्टूल दिलं.

परतताना न्हावऱ्याच्या फाट्यावर चहाला थांबलो. मॅडमचा चहा गार झाला. "नामदेवनं शिवी घातली असती तर बरं झालं असतं रे," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्ण ट्रॉली सोडवली. आरसा काढून टाकला, एक चाक खाली सोडलं. जुनी मशीनं कण्हत होती. उत्तर आलं तेव्हा दांड्याच्या नेमक्या त्याच वेल्डवर लालभडक रेघ होती, जिथं खरी ट्रॉली तुटली होती. मॅडमनी मग जुना सैल हूकही सोडवून पाहिला. त्यात दांड्याला पीळ बसलाच नाही. कडी हुकात कलायची, फिरायची आणि पीळ तिथंच जिरायचा. ज्या खडखडाटाची अण्णांना लाज वाटत होती, त्यानंच इतकी वर्षं दांडे वाचवले होते.

मॅडमनी अण्णांना सांगितलं, विकलेली प्रत्येक नवी ट्रॉली आजच्या आज जागेवर उभी करा. अण्णा हादरले. "बाई, हंगाम चाललाय. लोकांचा ऊस तोडून पडलाय. आत्ता ट्रॉल्या उभ्या करा म्हटलं तर लोक मलाच मोळीत बांधतील."

शिर्के म्हणाले, "हंगाम संपू द्या. मग सर्व्हिसिंगच्या नावाखाली गुपचूप बदलून टाकू."

"आन् तवर दुसऱ्याची मांडी मोडली तर तीबी सर्व्हिसिंगमधी धरायची?" मॅडम म्हणाल्या. "अण्णा, तुमी नका सांगू. मी सांगते. चूक माझी हाय, तोंड माझं वापरा."

"तुमची चूक म्हणजे कंपनीची चूक होते, बाई."

"मग कंपनीलाबी घेऊन चला."

अण्णांनी विचार करायला वेळ मागितला. मॅडमनी दिला नाही. त्याच दुपारी मला घेऊन त्या न्हावऱ्याला सासरी गेल्या.

उंबऱ्याबाहेर त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मला हे रूप नवीन होतं. ओट्यावर सासरे बसले होते, त्यांना त्या मामा म्हणत. पाया पडल्या. मामांनी चहा करायला सांगितला. तेवढ्यात मॅडम परसात गेल्या, ट्रॅक्टरच्या हुकातून ट्रॉलीची पिन उपसली, ग्रीससकट पर्समध्ये टाकली आणि परत येऊन पदर सावरून बसल्या.

बाळूच्या ते लक्षात आलं. "वैनी, आवं काय करताय? उद्या तोडीची टोळी येनार हाय, ऊस भरायचाय!"

"जुनी ट्रॉली काढा, बाळूभाऊ, तिला तिची येगळी पिन हाय. खडखड करंल, पर करू द्या."

मामांनी चष्मा पुसला. "काय भानगड हाय, हौसा?"

मॅडमनी त्यांना समजावलं. आख्ख्या रानाला एकदम पाणी देता येत नाही, म्हणून वाफे पाडतात. एका वाफ्यातून पाणी दुसऱ्यात जातं. तसंच लोखंडाचे वाफे पाडून भार कुठून कुठं जातो ते आम्ही बघतो. "पर मामा, मी निम्म्याच रानात वाफं पाडलं. मधी आरसा लावून निम्मं तसंच असंल असं धरलं."

"म्हंजी माझी ट्रॉली तू आरशात बघून पास केली?"

"व्हय मामा."

"आन् आता पिन घेऊन चाललीस?"

"व्हय मामा."

मला वाटलं, आता मामा सुनेला चार शब्द सुनावणार. ते बाळूकडं वळले. "बाळ्या, पेटीतली ज्यादा पिनबी दे तिला. न्हाईतर ही फाट्यावर पोचायच्या आत तू ती घालशील."

बाळूचा चेहरा असा झाला, की तो तेच करणार होता यात मला शंका उरली नाही.

स्वतःच्या सासरची पिन काढून नेणारी बाई आली होती, ही बातमी शिरूर तालुक्यात आमच्या टेम्पोपेक्षा वेगानं फिरली. संध्याकाळपर्यंत लोकांचे अण्णांना फोन सुरू झाले. आमचीही पिन काढायची का? अण्णांपुढं दुसरा मार्ग उरला नाही. त्यांनी ट्रॉल्या उभ्या करायला सांगितलं आणि ज्यांचं वहन अडलं त्यांच्यासाठी जुन्या ट्रॉल्या भाड्यानं आणून दिल्या. शिव्या भरपूर खाल्ल्या. त्यातल्या बऱ्याचशा फोनवर मॅडमनीच घेतल्या. एकानं त्यांना सांगितलं, "बाई, तुमाला घरी भाकरी थापाया काय हुतं?" मॅडम म्हणाल्या, "माझ्या भाकऱ्याबी अर्ध्या कच्च्याच ऱ्हात्यात, दादा. पिन काढली का?"

नवा दांडा आम्ही रात्रंदिवस न जागता, शहाण्यासारखा, नीट वेळ घेऊन काढला. कडी दांड्यात पक्की न ठेवता फिरती केली, म्हणजे ट्रॉली कलली की कडी फिरेल आणि दांडा पिळणार नाही. गणित जुळलं. पण मॅडमचं समाधान होईना. त्यांनी जेसीबी बोलावला आणि कंपनीच्या दारातली हिरवळ खणून काढली. ती हिरवळ शिर्केंची लाडकी. पाहुणे आले की तिथं फोटो काढले जात. तिच्या मधोमध त्यांनी दौंडच्या शेतात होती तशीच चारी पाडली. शिर्के काचेतून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

पोती भरून ट्रॉली लादली. ट्रॅक्टरवर बाळूला बसवलं, कारण तो सावकाश चालवणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. आणि बाळूच्या शेजारी मडगार्डवर मॅडम स्वतः चढून बसल्या. अण्णा ओरडले, "बाई, उतरा!" मॅडमनी ऐकलं नाही. ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीचं चाक चारीत उतरलं, ट्रॉली इतकी कलली की मी डोळे मिटले. कर्रर्र असा आवाज करत कडी फिरली. चाक वर आलं. दांडा जागच्या जागी होता. त्यांनी बाळूला परत फिरवलं आणि पुन्हा चारीत घातलं. मग दुसरं चाक. दुपारपर्यंत हिरवळीचा चोथा झाला.

उतरल्यावर त्यांनी आधी दांड्याच्या वेल्डवरून हात फिरवला. शिर्के जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आवाज येतोय हो कडीचा."

"येतोय तर येतोय म्हून छापा," मॅडम म्हणाल्या.

आणि शिर्केंनी ते खरंच छापलं. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं सरळ वाक्य असावं.

यानंतर मॅडम हळव्याबिळव्या झाल्या असं कुणी समजू नये. माझा अपमान पूर्वीसारखाच चालू राहिला. फक्त आमच्या खात्याला एक नवा नियम लागला. कुठल्याही वस्तूचं गणित मांडण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाबरोबर एक दिवस काढायचा. त्यामुळे एसीत बसायला नोकरी धरलेली पोरं कांद्याच्या शेतात, गोठ्यात आणि वीटभट्टीवर दिसू लागली. नामदेव लंगडत का होईना, कामावर परतला. मॅडम अधूनमधून दौंडला जायच्या. तिथं काय बोलायच्या ते मला ठाऊक नाही. एकदा नामदेवच्या बायकोनं त्यांना हरभऱ्याचा भलामोठा डहाळा दिला आणि तो त्यांनी बसमध्ये सगळ्यांना वाटला.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. न्हावऱ्याला दहाव्याला गर्दी लोटली होती. मामा ओट्यावर ताठ बसून होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देताय का म्हणून बाळूला दटावत होते. सगळ्यांत जास्त रडले ते शिर्के. अत्तर नाही, दाढी वाढलेली. मी जवळ गेलो तर माझा दंड धरून म्हणाले, "आता मी काहीही लिहिलं तरी चालेल रे. अडवणारं कुणी राहिलंच नाही." आणि पुन्हा हुंदके देऊ लागले.

महिन्याभरानं शिर्के माझ्या टेबलाशी आले. हातात नव्या पेरणीयंत्राच्या माहितीपत्रकाचा मसुदा होता. विक्रीप्रमुख आमच्या खात्यात कधी स्वतः येत नाहीत, शिपाई पाठवतात. त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला, खुर्ची ओढली आणि शाळेतल्या पोरासारखे हात मांडीवर घेऊन बसले.

"यातलं खोटं काय काय आहे ते सांग," म्हणाले.

मी पहिलं वाक्य वाचलं आणि पेनचं टोपण काढलं. शिर्केंनी शिपायाला दोन चहा सांगितले.